सायकलवरून न दिसलेला रस्ता

नव्वदच्या दशकाच्या आरंभी मी तुमसरला खोली करून राहत होतो आणि मोहाडीच्या अंगाला असलेल्या एका शाळेत मराठी शिकवीत होतो. एसटीच्या वेळा आणि शाळेच्या वेळा यांचे कधी जमले नाही, त्यामुळे रोजचे जाणे-येणे सायकलवर होई. वाटेत एक फाटा लागे. नागपूरहून येणाऱ्या गाडीतून तिथे वर्तमानपत्रांचे गठ्ठे टाकले जात. पेपर वाटणारा मुलगा सुतळी तोडून अंक मोजून घेई आणि आपल्या सायकलच्या कॅरिअरवर बांधून आतल्या गावांकडे निघे. तो अंक मोजत असताना मी पहिल्या पानावरचे छायाचित्र पाहून घेत असे. बातमी वाचण्याइतका वेळ नसे, छायाचित्रापुरता असे. मग उरलेल्या वाटेवर पायडल मारताना ते चित्र डोळ्यांपुढे राही.

वृत्तछायाचित्र आणि सायकल यांचा माझ्या मनात जडलेला संबंध हा असा आहे. पुढे लक्षात आले की इतिहासातही या दोन गोष्टी जवळपास एकाच काळातल्या आहेत. छायाचित्राचे ठिपक्यांत रूपांतर करून ते मजकुराबरोबर छापण्याचे तंत्र न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने १८८० मध्ये वापरून दाखवले. दोन्ही चाके जवळपास सारख्या आकाराची असलेली, आजच्या सायकलची पूर्वज म्हणता येईल अशी सायकल १८८५ मध्ये इंग्लंडात आली. १८८८ या एकाच वर्षी डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले आणि ईस्टमनने हातात मावणारा कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. एका साधनाने सामान्य माणसाला स्वतःच्या बळावर दूर जाता आले, दुसऱ्याने दूरचे जग त्याच्या हातात आणून दिले.

या दोन साधनांची गाठ आपल्याकडे एका व्यक्तीच्या ठायी पडलेली दिसते. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) या भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. त्यांचे कलाशिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये झाले. १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या आणि साडी नेसून, कॅमेऱ्याचे जड सामान घेऊन त्या शहरात सायकलवरून हिंडल्या. स्वातंत्र्याच्या आगेमागे घडलेल्या अनेक प्रसंगांच्या त्यांनी टिपलेल्या प्रतिमा आज आपल्या सामूहिक स्मृतीचा भाग झाल्या आहेत. सायकलवरून फिरणाऱ्याला वाटेतले सगळे दिसते, आणि दिसते म्हणून टिपता येते, असे त्यांच्या चरित्राकडे पाहून वाटत राहते. मलाही त्या वर्षांत तसेच वाटत होते.

नागपूरच्या दैनिकांत भंडारा जिल्ह्याचे छायाचित्र क्वचित येई आणि आले तर ते दोनच प्रकारचे असे: वैनगंगेचा पूर किंवा कोणा पुढाऱ्याचा दौरा. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी एप्रिल १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. तो दिवस छायाचित्रासाठी जणू बांधूनच दिलेला होता: कोनशिला, हार, हात जोडलेली माणसे. त्यानंतरची गोष्ट मात्र दशकानुदशके चालली. मोजणी, नोटिसा, मोबदल्याचे अर्ज, गावे उठणे, पाणी हळूहळू चढणे. यातला कोणताही एक क्षण पहिल्या पानावर जाण्याइतका नाट्यमय नव्हता. कॅमेऱ्याला क्षण लागतो. विस्थापन क्षणात घडत नाही, म्हणून त्याचे छायाचित्र काढणे कठीण असते.

उलट, सायकलला क्षणाची गरज नाही, असे मी स्वतःला सांगत असे. आषाढात बांधीत चिखलणी होताना मी पाहत असे, पऱ्हे उपटून रोवणी सुरू झाली की बायकांची ओळ रोज थोडी थोडी मागे सरकताना दिसे. कोणत्या बोडीचे पाणी कधी आटते, कोणत्या गावातले हातमाग बंद पडू लागले आहेत, कोणती मुलगी आठवीनंतर शाळेच्या रस्त्यावर दिसेनाशी झाली, हे मला ठाऊक होते. वर्तमानपत्राला जे दिसत नाही ते मला दिसते, असा एक लहानसा अहंकार त्या वर्षांत मनात वाढला. पुढे बदली झाली आणि तो रस्ता सुटला, पण अहंकार सुटला नाही.

तो सुटला २००६ च्या शेवटी.

२९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजी गावात सुरेखाबाई भोतमांगे, त्यांचे दोन मुलगे आणि मुलगी अशा चौघांची जमावाने हत्या केली. घरातले भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, विजयादशमी होती. धम्मदीक्षेला पन्नास वर्षे पूर्ण होत असल्याने नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसागर लोटला होता. देशभरचे कॅमेरे तिथे होते. शंभर-सव्वाशे किलोमीटरवर एक बौद्ध कुटुंब संपवले गेले होते, पण त्याची बातमी कुठेतरी आतल्या पानात, गावकीच्या भांडणासारखी, येऊन विरून गेली. मृतदेहांची छायाचित्रे कार्यकर्त्यांनी हातोहात आणि इंटरनेटवरून फिरवली तेव्हा कुठे लोक हादरले. मोठ्या दैनिकांची पहिली पाने जागी झाली ती नोव्हेंबरात, मोर्चे, दगडफेक आणि संचारबंदी सुरू झाल्यावर. ३० नोव्हेंबरला उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जाळले गेले. त्याचे तात्कालिक कारण कानपूरमधली पुतळ्याची विटंबना हे होते, पण खैरलांजीचा संताप त्यामागे धुमसत होता. जळत्या गाडीचे छायाचित्र मात्र एका दिवसात घरोघर पोहोचले. हत्येला जे महिनाभर मिळाले नाही ते आगीला एका सकाळी मिळाले.

हे लिहिताना वर्तमानपत्रांवर ठपका ठेवणे सोपे आहे. मला माझ्यावर ठेवायचा आहे.

त्या प्रकरणाचे तपशील वाचताना एका गोष्टीपाशी मी थांबलो. वैराचे एक मूळ होते रस्ता. भोतमांगे कुटुंबाच्या पाचेक एकर शेतातून गावकऱ्यांना वाट हवी होती आणि सुरेखाबाई त्याला विरोध करीत होत्या. ज्या तालुक्यातल्या रस्त्यांवरून मी वर्षानुवर्षे सायकल हाकली तिथे रस्ता म्हणजे काय, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. माझ्यासाठी रस्ता हा डोळ्यांपुढे उलगडणारा देखावा होता. तो कोणाच्या बांधीतून गेला, कोणाला विचारून गेला, कोणाला विचारण्याची गरज भासली नाही, हे सायकलवरून दिसत नाही. रोवणीची ओळ दिसते. त्या ओळीतल्या कोणाच्या नावावर सातबारा आहे आणि कोणाच्या नाही, हे दिसत नाही. ते विचारावे लागते आणि विचारण्यासाठी उतरावे लागते. मी जात-येत होतो, उतरलो कधी नाही.

सुसान सोंटॅग यांनी १९७७ च्या ‘ऑन फोटोग्राफी’मध्ये म्हटले होते की वेदनेच्या प्रतिमा पुन्हा पुन्हा पाहून माणूस बधिर होतो. २००३ च्या ‘रिगार्डिंग द पेन ऑफ अदर्स’मध्ये त्यांनी आपलेच हे मत पुन्हा तपासले. खैरलांजीच्या छायाचित्रांबद्दल माझे मत असेच दुभंगलेले आहे. मृतांच्या देहाची ती विटंबना पुन्हा पुन्हा पाहिली जावी, हे मला आजही सहन होत नाही. पण ती छायाचित्रे फिरली नसती तर प्रकरण दडपले गेले असते, हेही तितकेच खरे वाटते. ज्यांच्या जगण्याचे छायाचित्र कोणी काढले नाही त्यांना न्यायासाठी मृत्यूचे छायाचित्र पुढे करावे लागले. यातली लाज त्या छायाचित्रांची नाही, ती जिवंतपणी न पाहणाऱ्यांची आहे.

२००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद दिली. अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र दोन्ही ठिकाणी लागू धरला गेला नाही. जात होती, पण पुराव्यात दिसली नाही. भैयालाल जानेवारी २०१७ मध्ये गेले.

मध्यंतरी एकदा त्या फाट्यावर जाणे झाले. आता छायाचित्र गठ्ठ्याची वाट पाहत नाही, ते खिशातल्या मोबाइलवर येते. शाळा सुटली होती आणि निळ्या गणवेशातल्या मुली सायकलवरून घोळक्याने जात होत्या. हात सवयीने मोबाइलकडे गेला. चित्र सुंदर आले असते. मी तो खिशातच ठेवला आणि सगळ्यात मागे राहिलेल्या मुलीला विचारले, बाई, तुझे गाव कोणते, आणि घरी जायला रस्ता आहे का?

ती म्हणाली, "अर्ध्यापर्यंत आहे, सर."