शपथेतला राजा आणि संगमावरचं कुंपण

बनारसमध्ये स्काऊटला 'बालचर' म्हणतात. आपल्याकडे 'बालवीर'. मला त्यांचा शब्द जास्त आवडतो. वीर व्हायचं की नाही ते पुढचं पुढे, आधी चालायला तर शिकू. इथे घाटांवर कुठलाही मोठा मेळा असला की गळ्यात स्कार्फ बांधलेली पोरं दिसतात. कुणी हरवलेल्या आजीबाईंना हाताला धरून नेतंय, कुणी दोरी धरून गर्दीला वाट करून देतंय. माझं लक्ष मात्र पोरांपेक्षा त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे जातं. तो बहुधा शाळामास्तर असतो. रविवारी बायकोची बोलणी खाऊन आलेला, बिनपगारी.

त्याच्याकडे बघून मला पडणारा प्रश्न पूर्णपणे फौजी आहे. माझ्या माणसाने हुकूम मोडला तर माझ्यामागे 1950 चा आर्मी ॲक्ट उभा असतो. कलम 41, कलम 63, कोर्ट मार्शल, सगळं बयाजवार लिहिलेलं. या मास्तरामागे काय आहे? एक वॉरंट, म्हणजे संस्थेने दिलेला नेमणुकीचा कागद, आणि 'एप्रो' नावाची नियमपुस्तिका: उद्दिष्टं, धोरण, नियम आणि संघटन. नियम नाही पाळला तर फार फार तर वॉरंट जाईल, आणि रविवार परत मिळेल. तरीही बहुतेक मास्तर नियम पाळतात. का पाळतात, आणि कधी पाळू नयेत, यावर या देशात चाळीसएक वर्षं भांडण झालं. त्या भांडणातली बरीच मोठी नावं बनारस-प्रयागच्या पट्ट्यातली आहेत.

मुळात ही चळवळ एका घोडदळाच्या अधिकाऱ्याची. बेडन-पॉवेल 1876 मध्ये लखनौला 13व्या हुसार्स रेजिमेंटमध्ये आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. पुढे 1897 मध्ये मेरठला 5व्या ड्रॅगून गार्ड्सची कमान त्याच्याकडे आली. तिथे त्याने जवानांच्या लहान टोळ्या करून प्रत्येकीवर एक म्होरक्या नेमला आणि त्यांना टेहळणी शिकवली. त्यावरचं त्याचं छोटं पुस्तक 1899 मध्ये निघालं, तेव्हा तो स्वतः दक्षिण आफ्रिकेत माफेकिंगच्या वेढ्यात अडकला होता. वेढा 217 दिवस चालला. सुटून घरी आला तर पुस्तक शाळकरी पोरं वाचत होती. 1907 मध्ये ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर, 1908 मध्ये मुलांसाठी वेगळं पुस्तक. मेरठमधली टोळी ती 'पेट्रोल' झाली. एका माणसाच्या हाताखाली सहा-आठच असावेत, हा हिशोब आपल्या सेक्शनचाच भाऊबंद आहे.

नियमांची किंमत या चळवळीला फार लवकर कळली. 4 ऑगस्ट 1912 ला लंडनच्या वॉलवर्थ भागातल्या पथकाची नाव लेजडाऊनच्या किनाऱ्यापाशी अचानक आलेल्या वादळी झोताने उलटली आणि आठ स्काऊट बुडाले. मास्तर बरोबर होता, पोरांना वाचवायला धडपडला होता. तेव्हा नौदलाचा मंत्री चर्चिल होता. त्याने पोरांचे देह लंडनला आणायला युद्धनौका दिली. गंगेवर सकाळी लाइफ जॅकेटचे बंद न बांधता नुसतंच गळ्यात अडकवून बसलेले प्रवासी बघतो तेव्हा मला ही गोष्ट आठवते. नावेचे, पोहण्याचे, संख्येचे नियम कुणी हौसेने लिहीत नाही.

आता हिंदुस्थान. 1909 मध्ये बंगळुरूला कॅप्टन टी. एच. बेकर यांनी पहिलं पथक काढलं, ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. हिंदी मुलांना प्रवेश नव्हता. सरकारचं म्हणणं फौजी डोक्याने बघितलं तर समजण्यासारखं आहे: माग काढणं, नकाशा वाचणं, निशाण्यांनी संदेश देणं, हे सगळं बंगालच्या पोरांना शिकवायचं, आणि तेही बॉम्बच्या दिवसांत? धोरण म्हणून पटण्यासारखं आणि माणूस म्हणून अपमानकारक. लॉर्ड हार्डिंग व्हाइसरॉय असतानाही ते चालूच होतं.

याच हार्डिंगच्या हस्ते 4 फेब्रुवारी 1916 ला बनारस हिंदू विश्वविद्यालयाची कोनशिला बसली. त्या समारंभाच्या निमित्ताने गांधीजींनी जे भाषण केलं ते पुष्कळांना माहीत असेल. व्हाइसरॉयसाठी शहरभर पेरलेल्या गुप्त पोलिसांवर ते बोलले आणि ॲनी बेझंट यांनी त्यांना मध्येच थांबवलं. शिस्त सांभाळणाऱ्या बेझंटबाई! पण त्याच वर्षी त्यांनीच मद्रासला जॉर्ज अरुंडेल यांच्या साथीने हिंदी मुलांसाठी वेगळी स्काऊट संघटना काढली. अरुंडेल म्हणजे बाईंनी 1898 मध्ये स्थापलेल्या इथल्या सेंट्रल हिंदू कॉलेजचे माजी प्राचार्य. कमच्छाच्या त्या आवारात गेलात तर हे सगळे एकमेकांना किती जवळून ओळखत असतील याचा अंदाज येतो. बाईंच्या पोरांच्या डोक्यावर टोपीऐवजी फेटा आला आणि तोंडी देशी गाणी आली. बाकी नियम बहुतेक तेच.

उत्तरेत काम आधीच सुरू झालं होतं. श्रीराम बाजपेयी यांनी 1913 मध्ये शाहजहानपूरला पथक काढलं. पुढे मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांच्याबरोबर त्यांनी अलाहाबादला सेवा समिती स्काऊट संघटना उभी केली. मालवीयजी प्रमुख, पण रोजचा गाडा कुंझरू आणि बाजपेयींनी ओढला. कुंझरू हे नाव आपल्या वाचकांनी नीट लक्षात ठेवावं, कारण हा काश्मिरी पंडित मनाने पुणेकर होता. गोखल्यांनी 1905 मध्ये जूनमध्ये पुण्याला भारत सेवक समाज काढला आणि डिसेंबरात ते इथे बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. कुंझरू 1909 मध्ये समाजात दाखल झाले, 1936 मध्ये त्याचे अध्यक्ष झाले आणि 1978 मध्ये जग सोडेपर्यंत त्याचेच राहिले. समाजाच्या सदस्याला शपथ घ्यावी लागे, भत्ता जेमतेम असे. बिनपगारी शिस्त म्हणजे काय हे ज्याने स्वतःवर लावून बघितलंय असा माणूस.

भांडण शपथेतल्या एका शब्दावर होतं. बेडन-पॉवेलचा स्काऊट देवाप्रती आणि राजाप्रती कर्तव्याचं वचन देई. 1921 मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले आणि सगळ्या संघटना एका छत्राखाली आणायचा प्रयत्न झाला. बेझंटबाई आत गेल्या. सेवा समिती बाहेर राहिली. इंग्रज राजाच्या निष्ठेचे धडे आम्ही आमच्या पोरांना देणार नाही, ही त्यांची भूमिका.

मला यात कुंझरूंचं एक फार आवडतं. शपथ मान्य नाही म्हणून त्यांनी शपथच नको असं म्हटलं नाही. पटणार नाही ती शपथ मुलाच्या तोंडी घालून वर मनातल्या मनात 'देश' म्हण, असंही सांगितलं नाही. असले पोटनियम आपल्याकडे चटकन निघतात. त्यांनी सरळ वेगळी संघटना चालवली, तिचे स्वतःचे नियम केले आणि ते पाळले. दुसरी बाजूही मांडायला हवी. त्याच काळात आपले थोरात, तिमय्या, श्रीनागेश सँडहर्स्टला जाऊन राजाचं कमिशन घेत होते. त्यांना कमी देशभक्त म्हणायची माझी प्राज्ञा नाही. पण ते प्रौढ होते आणि व्यवहार समजून उमजून करत होते. बारा वर्षांच्या पोराला तो हिशोब कळत नाही. तो जे बोलतो तेच खरं धरतो, म्हणून त्याच्याकडून काय बोलवून घ्यायचं याची जबाबदारी मास्तरावर येते.

आणि मग 1924 चा अर्धकुंभ. पंडित नेहरूंनी आत्मचरित्रात याचं मजेदार वर्णन केलंय. गंगेने पात्र बदललं होतं, संगमावर ओढ धोकादायक झाली होती, म्हणून सरकारने ऐन संगमात स्नानाला बंदी घातली आणि कुंपण उभं केलं. मालवीयजींनी सत्याग्रह पुकारला. लोक उन्हात वाळूत बसून राहिले, दोन्हीकडे घोडेस्वार पोलीस. कंटाळून नेहरू आणि आणखी काही जण कुंपणावर चढले, पलीकडे गेले. आणि मग बासष्ट वर्षांचे मालवीयजी एकदम उठले आणि पोलिसांच्या घोड्यांमधून मुसंडी मारून त्यांनी गंगेत बुडी घेतली! मागोमाग सगळी गर्दी.

किस्सा म्हणून बहारदार. पण पाण्यात उतरलेला हा माणूस हजारो बालचरांचा प्रमुख होता, आणि मेळ्यात लोकांना धोक्याच्या जागेपासून लांब ठेवणं हे त्याच बालचरांचं काम. बनारसमध्ये राहून मालवीयजींविषयी असं लिहिणं जरा धाडसाचंच, तरी लिहितो: त्या दिवशी ते चुकले. ओढ कुणाच्या बापाची नसते, राजाचीही नाही आणि काँग्रेसचीही नाही. मात्र याचा दोष मी अर्धाच त्यांना देईन. ज्या सरकारने वर्षानुवर्षं 'तुमच्या भल्यासाठी' या सबबीखाली नुसती सत्ता राखणारे नियम काढले, त्याचा एक नियम खरोखर भल्याचा निघाला तरी कोण विश्वास ठेवणार? मी तरुण अधिकाऱ्यांना हे उदाहरण देतो. युनिटमध्ये दहा निरर्थक हुकूम काढले की अकरावा, जीव वाचवणारा हुकूमही त्याच फायलीत जातो.

अधिकृत संघटनेतही खरी माणसं होती. नागपूरचे व्हिव्हियन बोस हे त्यातलं ठळक नाव. 1921 ते 1934 ते मध्य प्रांताच्या संघटनेचे सचिव, पुढे प्रांतिक आयुक्त. पुढे नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि मग सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. सरकारी मनमानीवर कडाडून लिहिणारा हा न्यायाधीश राजाच्या शपथेच्या संघटनेत इतकी वर्षं मन लावून काम करत होता. कुंझरू एका बाजूला, बोस दुसऱ्या. दोघेही नियमाला पक्के, दोघांचे नियम वेगळे.

1937 मध्ये बेडन-पॉवेल पुन्हा आले. ऐक्याचा प्रयत्न पुन्हा फसला आणि वर त्यांनी भारतीयांच्या चारित्र्याविषयी अवमानकारक विधानं केली. त्याने आगीत तेल ओतलं. 1938 मध्ये सेवा समितीचे आणि अधिकृत संघटनेतून फुटलेले लोक मिळून हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन झालं. त्यापूर्वी सोळा-सतरा वर्षं राजाच्या शपथेखाली पोरं घडवलेल्या मास्तरांवर काय गुजरली असेल! वॉरंटवर सही असलेल्या साहेबानेच आपल्याला हलकं म्हटलं. काही बाहेर पडले, काही थांबले. थांबलेल्यांना लाचार म्हणणं मला पटत नाही. त्यांच्या टोळीतली पोरं पुढच्या रविवारी येणारच होती.

तुकडे जुळायला राजा जावा लागला. नेहरू, मौलाना आझाद, मंगलदास पक्वासा, कुंझरू, बाजपेयी आणि बोस, सगळ्यांच्या खटपटीने 7 नोव्हेंबर 1950 ला भारत स्काऊट्स अँड गाइड्स झालं. गाइडच्या मुली 15 ऑगस्ट 1951 ला आल्या. शपथेत राजाच्या जागी देश आला. देव हा शब्द ज्याला नको त्याला 'धर्म' म्हणायची मुभा मिळाली. आणखी एक बदल माझ्या नजरेत भरतो. बेडन-पॉवेलच्या मूळ नियमात स्काऊटने वरिष्ठांचा हुकूम मुकाट पाळायचा होता. आजच्या भारतीय नियमात हुकूम हा शब्दच नाही. स्काऊटने शिस्तीत राहावं आणि सार्वजनिक मालमत्ता जपायला मदत करावी, एवढंच आहे. ज्यांनी वीस-तीस वर्षं एका शब्दावर भांडण केलं, त्यांनी पुढच्यांना शब्द तपासायची सवय लावून दिली असं म्हणता येईल.

मुकाट हुकूम पाळण्याचा धोका किती, हे अमेरिकेत दिसलं. तिथल्या बॉय स्काऊट्सनी 1920 च्या दशकापासून नालायक ठरलेल्या स्वयंसेवकांच्या गुप्त फायली ठेवल्या होत्या. मुलांवर अत्याचार करणारी माणसं त्यात नोंदली जात. फाइल कपाटात राहायची, पोलिसांपर्यंत पुष्कळदा जायचीच नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये संघटनेने दिवाळखोरी जाहीर केली. त्यानंतर 82,000 हून जास्त लोकांनी दावे लावले. नियमपुस्तिका होती, फायली होत्या, कारकुनी चोख होती. म्हणून कुणाही प्रौढाने मुलाबरोबर एकटं राहायचं नाही, किमान दोघं हवेत, हा नियम मास्तरांना जाचक वाटला तरी त्यात तडजोड नको. 'आमचे गुरुजी तसले नाहीत' हे वाक्य तिथेही प्रत्येक गावात बोललं गेलं असणार. आपल्या गुरुजींनीच ते सगळ्यात आधी नाकारावं आणि दुसरा माणूस सोबत घ्यावा.

कुंझरूंचं एक ऋण आम्हा वर्दीवाल्यांवर वेगळं आहे. 1946 मध्ये सरकारने विद्यार्थ्यांच्या सैनिकी शिक्षणासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष तेच. तिच्या अहवालातून 1948 चा कायदा आणि एनसीसी आली. माझ्या एनडीएच्या कोर्समधल्या किती जणांनी पहिली सावधान-विश्राम तिथेच केली होती! स्काऊट आणि एनसीसी हे दोन्ही ज्या माणसाच्या हाताखालून गेले, त्याने दोन्ही वेगळी ठेवली. एनसीसीत कायदा, अधिकारी, फौजेचे प्रशिक्षक. स्काऊटमध्ये तोच रविवारचा मास्तर.

या माणसाला पुढे भारतरत्न देऊ केलं तर त्यांनी नाकारलं. घटना समितीत आपण अशा किताबांना विरोध केला होता, मग आता स्वतःच कसा घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं. विचारायला कुणी आलं नसतं. त्यांचा नियम त्यांनीच केलेला होता.