चलनवाढ व रुपयाचा प्रश्न
उत्पादनापेक्षा चलनाचा पुरवठा अधिक वेगाने वाढत गेला म्हणजे पैशाची क्रयशक्ती घटते व भावपातळी चढते. भारतीय संदर्भात या प्रश्नाचा मूलगामी विचार रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे (ता. मंडणगड) हे मूळ गाव असलेल्या डॉ. भीमराव आंबेडकरांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ (१९२३) या प्रबंधात केला. चांदीचे भाव घसरल्यामुळे १८९३ मध्ये टांकसाळी खाजगी नाणेपाडणीस बंद झाल्या. रुपये किती पाडावयाचे, हे सरकारच्या मर्जीवर आले. पुढे रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स असा राखण्यात आला. केन्सने १९१३ मध्ये या सुवर्ण विनिमय परिमाणाचा पुरस्कार केला. विनिमय दर स्थिर राहिला, तरी देशातील भावपातळी स्थिर राहतेच असे नाही, हा आंबेडकरांचा आक्षेप होता.

घसरत्या रुपयामुळे निर्यातीस व उद्योगास चालना मिळते, असे तेव्हा मानले जाई. किंमतींमागे मजुरी रेंगाळते, म्हणून तो लाभ मजुराच्या पदरचा असतो, हे त्यांनी दाखविले. मुंबईहून हेदवीसारख्या गावी मनीऑर्डर धाडणाऱ्या चाकरमान्याच्या घरी याचा अर्थ रक्कम तीच, तांदूळ मात्र कमी, असा होई.

रुपयाची नाणेपाडणी कायमची थांबवावी, हा त्यांचा उपाय सुवर्ण परिमाणाबरोबरच मागे पडला. निदान मात्र टिकले. हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. त्यापुढील आंबेडकरांच्या साक्षीचा भर मात्र चलन परिमाणावर होता. रिझर्व्ह बँक १९३५ मध्ये स्थापन झाली. किंमतस्थैर्य हे तिच्या चलनविषयक धोरणाचे प्रमुख उद्दिष्ट असल्याचे कायद्यात २०१६ मध्ये नमूद झाले.