गुडघ्याचा एक्स-रे : मापावर भरवसा कधी ठेवावा?

कपिलधारचा डोंगर उतरताना किंवा सजद्यातून उठताना गुडघा दुखतो, ही तक्रार आता घरोघरी आहे. मग बीडला किंवा अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढला जातो. वर्षभराने दुसरीकडे काढला तर आकडा वेगळाच येतो. आजार वाढला, की मापच वेगळं घेतलं? ऑपरेशनच्या निर्णयात हे आकडे पाहिले जातात, म्हणून ते कसे येतात हे घरच्यांना माहीत असावं.

वाटीची उंची

गुडघ्याची वाटी वर आहे की खाली, हे बाजूने काढलेल्या एक्स-रेवर मोजतात. इन्सॉल आणि साल्व्हाती या डॉक्टरांनी १९७१ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरात आहे. वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणाऱ्या पट्टीची लांबी घ्यायची आणि तिला वाटीच्या लांबीने भागायचं. उत्तर साधारण ०.८ ते १.२ असेल तर ठीक. त्याहून जास्त आलं तर वाटी वर, कमी आलं तर खाली.

नुसते मिलिमीटर का नाहीत? यंत्राचं अंतर बदललं की फोटोत हाड लहान-मोठं दिसतं. भागाकारात हा फरक निघून जातो. मात्र गुडघा सुमारे ३० अंश वाकलेला हवा. पाय सरळ असला तर पट्टी सैल पडते आणि माप चुकतं. लहान मुलांमध्ये वाटीचं हाड पूर्ण तयार झालेलं नसतं, त्यामुळे तिथे हे माप फसवं ठरू शकतं.

गॅप आणि पायाचा बाक

सांध्यातली फट उभं राहून काढलेल्या एक्स-रेवरच पाहावी. झोपलेल्या माणसाच्या गुडघ्यावर वजन नसतं, म्हणून झीज झाकली जाऊ शकते. पायाचा बाक मोजायला खुब्यापासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे लागतो. त्यात वाटी बरोबर समोर हवी. पाय आत-बाहेर वळला तर कोन बदलतो.

भरवसा म्हणजे काय?

एकच फिल्म दोघांनी मोजली, किंवा एकानेच काही दिवसांनी पुन्हा मोजली, आणि आकडे जवळपास तेच आले, तर माप भरवशाचं. १.१८ चं १.२२ झालं म्हणून आजार वाढला असं होत नाही.

घरच्यांनी काय करावं?

• जुनी फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही जपून ठेवा, प्रत्येक वेळी सोबत न्या.
• एक्स-रे उभं राहून काढायचा की झोपून, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.
• आकडा कोणत्या पद्धतीचा आहे ते विचारा. दोन पद्धतींच्या आकड्यांची तुलना करू नका.
• गरोदर असल्यास किंवा शंका असल्यास आधीच सांगा.

आणि एक्स-रे कितीही चांगला असला, तरी डॉक्टरांनी गुडघा हाताने तपासल्याशिवाय आणि दुखणं ऐकून घेतल्याशिवाय ऑपरेशनला होकार देऊ नका.