कुसकुस आणि लाल भोपळा

कुसकुस हे मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया या देशांतले जिवाभावाचे अन्न. ड्युरम गव्हाच्या रव्यावर मिठाच्या पाण्याचा हबका मारत, तळहाताने गोल गोल चोळत बारीक कण्या वळतात, चाळतात आणि वाफवतात.

मोरोक्कोत शुक्रवारी दुपारी घरोघरी सात भाज्यांचा कुसकुस होतो. त्यात लाल भोपळा बहुधा असतोच. खालच्या भांड्यात मटण, कांदा, हरभरे, आले, हळद, केशर यांचा रस्सा रटरटतो आणि वरच्या सच्छिद्र बुडाच्या भांड्यात कुसकुस त्याच वाफेवर शिजतो. मध्येच तो परातीत उपसून, पाणी शिंपडून, गुठळ्या मोकळ्या करून पुन्हा वाफेवर चढवतात. असे दोनतीनदा केले तरच दाणा नीट फुलतो. गाजर आणि सलगम आधी पडतात. भोपळ्याच्या मोठ्या फोडी मात्र शेवटी, नाहीतर त्या रश्श्यात विरघळतात. त्यांचा गोडवा मसाल्याला सुरेख तोलतो.

भोपळा मूळचा अमेरिकेचा. या पातेल्यात तो कोलंबसनंतरच आला.

२०२० मध्ये वरील चार देशांच्या संयुक्त प्रस्तावावरून युनेस्कोने कुसकुसची परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवली. बाजारातला झटपट कुसकुस आधीच वाफवून वाळवलेला असतो. उकळते पाणी ओतून झाकला की पाचेक मिनिटांत तयार होतो, पण रश्श्याच्या वाफेचा स्वाद त्यात उतरत नाही.