एकदा सिझेरियन झाल्यावर : एका वैद्यकीय नियमाचा इतिहास आणि सुरतमधील खानदेशी माता

उदर चिरून बाळ बाहेर काढण्याचा विचार मुस्लिम विद्येला अपरिचित नव्हता. मृत गर्भवतीच्या पोटातील जिवंत बाळ वाचविण्यासाठी हनफी फिकहने अशी अनुमती दिली होती. फिरदौसीच्या 'शाहनामा'त रुस्तुमचा जन्म रुदाबाची कूस चिरून होतो आणि आईही जगते. प्रत्यक्षात माता वाचू लागल्या त्या बहुतांशी 1882 नंतर, जर्मन वैद्य मॅक्स झेंगर यांनी गर्भाशयाची चीर टाक्यांनी शिवण्याची पद्धत मांडल्यावर. आई जगू लागली, तेव्हाच पुढच्या बाळंतपणाचा प्रश्न उभा राहिला.

1916 मध्ये न्यूयॉर्कचे एडविन क्रॅगिन यांनी एकदा सिझेरियन तर पुढे नेहमीच सिझेरियन, असे लिहिले. त्यांचा रोख पहिले ऑपरेशन विचारपूर्वक करावे, यावर होता. आपल्या एका रुग्णेला सिझेरियननंतर तीन मुले नैसर्गिक मार्गाने झाल्याचेही त्यांनी नमूद केले होते. लोकांनी नियम तेवढा उचलला, अपवाद विसरले. त्या काळी गर्भाशयाच्या वरच्या भागावर उभी चीर घेत आणि कळांच्या जोराने तो व्रण फाटण्याचे भय मोठे असे. पुढे 1920च्या दशकात ग्लासगोचे मन्रो कर यांनी खालच्या भागातील आडव्या चिरेचा पुरस्कार केला. अशा एका चिरेनंतर कळा येऊ दिल्यास व्रण फाटण्याचे प्रमाण सुमारे 200 त 1 असते. 100 पैकी 60 ते 80 स्त्रियांची प्रसूती नैसर्गिक होते. चीर बदलली, नियम मात्र राहिला. दुसऱ्या बाजूला, प्रत्येक सिझेरियनगणिक वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा व त्यातून जीवघेण्या रक्तस्रावाचा धोका वाढतो. तीन-चार मुले हवी असलेल्या घरात ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही.

सुरतमध्ये या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. रिवाजाप्रमाणे पहिले बाळंतपण माहेरी होते, दुसरे पुष्कळदा सुरतेत. पहिल्या ऑपरेशनचा कागद मात्र गावीच राहतो. पोटावरचा व्रण पाहून आतली चीर ओळखता येत नाही. कातडीवर आडवा व्रण असूनही गर्भाशयावर उभी चीर असू शकते आणि तशा चिरेनंतर फाटण्याचा धोका कित्येक पटींनी अधिक असतो. म्हणूनच व्रण फाटल्यास तात्काळ शस्त्रक्रिया होईल, रक्त मिळेल, अशाच रुग्णालयात कळांची वाट पाहणे योग्य ठरते. गल्लीतल्या लहान प्रसूतिगृहाने दुसरे सिझेरियन सुचविले, तर त्यामागे केवळ पैशाचा लोभ पाहणे अन्यायाचे होईल.

कागद नसेल तेव्हा डॉक्टर दोन गोष्टी विचारतात : पहिले ऑपरेशन कशासाठी झाले आणि कितव्या महिन्यात? सातव्या महिन्यात, बाळ आडवे असताना झालेल्या ऑपरेशनात उभ्या चिरेची शक्यता अधिक. पूर्ण दिवस भरून, कळा थांबल्यामुळे झालेल्यात ती फार कमी. ही माहिती बाईला स्वतःला नसली, तरी माहेरी तिच्याजवळ थांबलेल्या आईला बहुधा असते.