बाप्तिस्मा आणि आज्ञापालन

बाप्तिस्मा हा ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणारा जलसंस्कार आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशूच्या अखेरच्या आज्ञेत बाप्तिस्म्याबरोबरच, आपण आज्ञा दिलेले सर्व पाळायला शिष्यांना शिकवा, असेही सांगितले आहे. पहिला भाग सोहळ्याने पार पडतो. दुसरा आयुष्यभर पुरतो. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स पंथांत तान्ह्या बाळांनाही बाप्तिस्मा देतात. आज्ञापालन समजून-उमजून व्हावे, म्हणून बाप्टिस्ट मात्र व्यक्तीने स्वतः विश्वास प्रकट केल्यावरच पाण्यात पूर्ण बुडवून तो देतात.

बाप्तिस्मा कधी द्यावा, हा वाद कधीकाळी जिवावर बेतला. जानेवारी १५२५ मध्ये झुरिकला काही तरुणांनी नगरपरिषदेचा हुकूम मोडून एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. त्यांतील फेलिक्स मांट्सला १५२७ मध्ये हात बांधून लिमाट नदीत बुडवले. शिक्षेसाठी पाणीच निवडणे हा क्रूर उपरोध होता.

महाराष्ट्रात कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे १९१७ मध्ये ख्रिस्ती मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा संघ स्थापला. तिथे ख्रिस्ताचे अनुयायित्व महत्त्वाचे होते. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही प्रवेश होता.