मनोविघटनाचे मापन : एका प्रश्नावलीचा इतिहास
फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १८८९ मध्ये डिसोसिएशन अर्थात मनोविघटनाची मांडणी केली, ती रुग्णनिरीक्षणाच्या आधारे. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेत ईव्ह बर्नस्टीन व फ्रँक पुटनम यांनी २८ प्रश्नांची स्वयंमूल्यांकन प्रश्नावली प्रसिद्ध केली. उत्तरादाखल रुग्णाने १०० मिलिमीटर लांबीच्या रेषेवर खूण करावयाची असे. १९९३ च्या सुधारित आवृत्तीत त्याऐवजी ० ते १०० टक्क्यांमधील आकडा निवडण्याची पद्धत आली. त्यामुळे गुणगणना सुलभ झाली. मूळ पेच मात्र सुटला नाही. ज्याच्या स्मृतीतच खंड पडतो, त्यालाच त्या खंडांची वारंवारता विचारली जाते. म्हणूनच ३० हून अधिक सरासरी गुण हे निदान नव्हे. ती तज्ज्ञाने घ्यावयाच्या सविस्तर मुलाखतीची केवळ पूर्वसूचना होय.